जिन्याखालचं दुकान, चार तारे

दुकानाला नाव नाही. पाटीवर लाल अक्षरात नुसतं 'मोबाइल रिपेअरिंग', त्यातल्या 'पे'वरची मात्रा उडालेली. नाशिकच्या एम.जी. रोडवर मोबाइलची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. त्यातल्या एका बोळात शिरायचं, कव्हर-ग्लासवाल्या पोरांच्या हाका चुकवायच्या, आणि जिथे वर जायचा जिना लागतो तिथे वर न जाता खाली वाकायचं. जिन्याखाली जेवढी जागा उरते तेवढंच दुकान. उंच असाल तर डोकं सांभाळा. मी पाच फूट एक इंच, मला काही त्रास झाला नाही.

चार तारे देतेय. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल फोनच्या बंद पडलेल्या एका कॅमेऱ्यासाठी ही बाई एवढं काय घेऊन बसलीय. दिंडोरी तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. मजूर, बाजार आणि बँक आमच्या ह्यांच्याकडे. प्लॉटची पाहणी आणि फवारणीचं वेळापत्रक माझ्याकडे. लग्न होऊन आले तेव्हा मला भुरी आणि डाऊनी ह्या वेलीवरच्या दोन रोगांतला फरक कळत नव्हता, आता झोपेतून उठवलं तरी सांगेन. आमचे कन्सल्टंट सर आठवड्यातून एकदा प्लॉटवर येतात. बाकीचे सहा दिवस मी त्यांना फोटो पाठवते. पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू, घड जवळून, घड लांबून, शेंडा. ते बघून सर सांगतात काय मारायचं आणि कधी. कॅमेरा आमच्याकडे वाढदिवसाच्या केकसाठी कमी आणि औषधाच्या बिलासाठी जास्त लागतो.

तर ऑक्टोबर छाटणीला चाळीस-बेचाळीस दिवस झालेले, बाग फुलोऱ्यात. सगळ्यात नाजूक वेळ. दोन दिवस ढगाळ, तिसऱ्या रात्री भुरभुर पाऊस, पहाटे पानापानावर पाणी. डाऊनीला अजून काय लागतं? पानाच्या वर तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळट डाग पडतो आणि उलटून बघितलं की खाली पांढरी लव. पानावर आहे तोवर सावरता येतं. फुलोऱ्यातल्या घडात शिरली की घड तपकिरी होऊन वाळतो, मग वर्षाचं गणित तिथेच संपतं. सकाळी साडेसहाला सातव्या ओळीत मी एक पान उलटलं, पांढरं दिसलं, खिशातून फोन काढला, कॅमेऱ्यावर बोट ठेवलं. काळा पडदा. दोन सेकंदांनी 'कॅमेरा सुरू करता येत नाही' अशी सूचना, आणि अ‍ॅप आपोआप बंद.

परत उघडलं. परत तेच. रागाने बोट दाबलं म्हणून फोन घाबरून चालू होत नाही, हे मला पाचव्या वेळेला पटलं.

सेल्फीचा कॅमेरा मात्र ठणठणीत. मग काय, पान तोंडासमोर धरून सेल्फी काढायला लागले. फोटोत पान धुरकट आणि मागे डोक्याला टॉवेल गुंडाळलेली मी एकदम स्पष्ट. सरांना तोच पाठवला. उत्तर आलं, "ताई, पान कुठंय?" नंतर दुकानातल्या पोराने सांगितलं की बऱ्याच फोनात समोरच्या कॅमेऱ्याचा फोकस हातभर अंतरावर कायमचा बसवलेला असतो. जवळची वस्तू त्याला दिसतच नाही. चाळिशीनंतर आपलं होतं तसंच.

पोरगा पुण्याला शिकतो, त्याला फोन लावला. तो अर्धवट झोपेत, "अगं मम्मी, आधी रीस्टार्ट कर." केला. आणि चक्क चालू झाला! आठ-दहा मिनिटं चालला, मी चार फोटो काढले, पाचव्याला पुन्हा काळा. मग पोराने फोनवरून एकेक करत सगळं करून घेतलं. सेटिंग्जमध्ये जा, अ‍ॅप्समध्ये कॅमेरा शोध, 'फोर्स स्टॉप' कर, कॅशे पूस. काही नाही. मग म्हणाला, "डेटा क्लिअर कर." मी म्हटलं, गप बस, त्यात अख्ख्या हंगामाचे फोटो आहेत. तेव्हा त्याने समजावलं की फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, डीसीआयएम नावाच्या. कॅमेरा अ‍ॅपचा डेटा म्हणजे फक्त त्याच्या सेटिंग्ज. देवाचं नाव घेऊन केलं. खरंच, फोटो सगळे जागेवर. पडद्यावरच्या जाळीच्या रेघा तेवढ्या गेल्या, त्या मी परत लावून घेतल्या. परवानग्या बघितल्या, चालू. जागा बघितली, अकरा जीबी मोकळी. अपडेट बघितलं, आलेलं नव्हतं.

मग त्याने एक अक्कल लढवली. "व्हॉट्सअ‍ॅपमधून कॅमेरा उघड." तिथेही काळा. "टॉर्च लाव." टॉर्चचं बटण करडं पडलेलं, लागेच ना, 'कॅमेरा वापरात आहे' म्हणे. कोण वापरतंय, मी तर नाही. पोरगा म्हणाला, "मग अ‍ॅपचा दोष नाही मम्मी. एकाच अ‍ॅपमध्ये बिघाड असता तर दुसऱ्यात चाललं असतं. फॅक्टरी रीसेट करून बघायचं का?" मी म्हटलं, अजिबात नाही. बँकेचं अ‍ॅप, सातबाऱ्याचे कागद, फवारणीची वही, सगळं त्या फोनात. ते सगळं उतरवून ठेवल्याशिवाय रीसेट म्हणजे घर साफ करायला घराला काडी लावणं.

त्या दिवशी शेजारच्या जाऊबाईंच्या फोनवर काम भागवलं. मागे एकदा ई-पीक पाहणीही त्यांच्याच फोनवर केली होती. २०२१ पासून आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवर करायची असते, आणि फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, गॅलरीतला जुना चालत नाही. तेव्हा शेतकऱ्याला कॅमेरा कशाला, असं विचारणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे येऊन बघावं. जाऊबाई चांगल्या आहेत, पण दिवसातून चारदा फोन मागायला गेलं की त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोजता येतात.

दुसऱ्या दिवशी नाशिकला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. कुठली कंपनी ते लिहीत नाही. एसी, टोकन, मऊ खुर्च्या, सगळं झकास. काउंटरवरच्या मुलीने सिमचा ट्रे बाहेर काढला, फटीत उजेड मारला आणि म्हणाली, "मॅडम, हा ठिपका गुलाबी झालाय. लिक्विड डॅमेज. वॉरंटी लागू नाही." फोन अकरा महिन्यांचा. मग म्हणाली मेनबोर्ड आणि कॅमेरा दोन्ही बदलावं लागेल, साडेअकरा हजार, डेटा जाईल, इथे सही करा. फोन घेतला होता एकोणीस हजारांना. मी सही केली नाही.

ठिपका खोटं बोलत नव्हता, हे मी मान्य करते. तो पांढरा असतो आणि ओल लागली की रंग बदलतो, तेवढंच त्याचं काम. मुलगीही वाईट वागली नाही. पण त्या दरवाजाच्या आत पार्ट बदलतात, दुरुस्त करत नाहीत. मला हा फरक तोवर ठाऊक नव्हता. आमच्याकडे मोटार जळली तर आम्ही वाइंडिंग करून घेतो, नवी मोटार आणत नाही. फोनचं वाइंडिंग करणारा कोण, हे आमच्या कृषी सेवा केंद्रवाल्याला विचारलं, तर त्याने ह्या जिन्याखालचा पत्ता दिला. त्याच्या बिलिंगच्या फोनचं चार्जिंग तिथेच दुरुस्त झालेलं.

सकाळची एसटी धरून नाशिकच्या निमाणी स्टँडला उतरले, तिथून रिक्षाने रविवार कारंजा, पुढे पायी. पिशवीत प्लॉटवरची दहा-बारा पानं ओल्या कागदात गुंडाळून घेतली होती. फोटो नाही जमला तर येताना सरांच्या ऑफिसात पानंच दाखवावीत, असा विचार.

दुकानदार पंचविशीतला पोरगा, कपाळाला टॉर्च बांधलेली. मी फोन पुढे केला, त्याने हातात घेतलाच नाही. आधी विचारलं, "काय होतं नेमकं?" मी सांगितलं. "रीस्टार्ट केल्यावर थोडा वेळ चालतो का?" हो. "पुढचा चालतो?" हो. "पडला होता?" एकदा, ट्रॅक्टरवरून, दिवाळीच्या आधी. मग माझ्या पिशवीकडे बघून म्हणाला, "मावशी, फवारणी चालू असताना फोन कुठे असतो?"

पिशवीतून पानं डोकावत होती. मी म्हटलं, अ‍ॅप्रनच्या खिशात, पण ओला होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून.

"झालं," तो म्हणाला. "तुम्ही पाणी बाहेर ठेवलं नाही, आत कोंडलं. अंगाचा घाम, फोनची उष्णता, वरून गाठ. आत दव धरतं."

मला जरा लागलं. किती जपून ठेवला होता.

तरीही त्याने लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलला नाही, आणि ह्या माणसाची शिफारस करण्याचं मुख्य कारण हेच. आधी फोन सेफ मोडमध्ये चालू केला. बंद करायच्या पर्यायावर बोट दाबून धरलं की सेफ मोड विचारतो, बऱ्याच फोनात तसंच असतं. त्यात आपण बाहेरून टाकलेली अ‍ॅप्स झोपलेली राहतात. तिथे कॅमेरा चालला असता तर दोष एखाद्या अ‍ॅपचा, फुकटात काम झालं असतं. नाही चालला. मग डायल पॅडवर स्टार-हॅशचा कसलासा कोड दाबून कंपनीचा छुपा तपासणी मेनू उघडला. सॅमसंगच्या फोनात तो स्टार हॅश शून्य स्टार हॅश असा असतो म्हणे, दुसऱ्या कंपन्यांचे वेगळे. त्यात मागचा एकेक कॅमेरा वेगळा चालवून बघता येतो. रुंद फोटो काढणारा चालला. जवळचा चालला. मोठा, मुख्य, तो काळा.

"बघा मावशी, तीन डोळ्यांतला एकच गेलाय. अ‍ॅप उघडताना पहिल्यांदा ह्यालाच हाक मारतं. हा ओ देत नाही, म्हणून अ‍ॅप बसतं. आणि फोन वाट बघत अडकून राहतो म्हणून टॉर्चपण लागत नाही. बोर्ड चांगला आहे." साडेअकरा हजारांतला मोठा आकडा बोर्डाचा होता, तो तिथल्या तिथे उडाला.

फोन उघडायच्या आधीच पैशांचं बोलला. साफ करून चालला तर साडेचारशे. कॅमेराच बदलावा लागला तर अठराशे. काहीच नाही झालं तर उघडण्याचे शंभर. आणि म्हणाला, "फोन तुमच्याच हाताने मेंटेनन्स मोडवर टाका." मी असलं काही ऐकलं नव्हतं. सेटिंग्जमध्ये असतं, काही फोनात त्याला रिपेअर मोड म्हणतात. ते चालू केलं की फोन नवा असल्यासारखा उघडतो, तुमचे फोटो, मेसेज, बँक काहीच दिसत नाही, पण कॅमेरा तपासता येतो. काम झालं की आपण आपला लॉक टाकून बाहेर यायचं, सगळं जागेवर. म्हणजे पिन कागदावर लिहून द्यायची गरजच नाही. सर्व्हिस सेंटरच्या फॉर्मवर पिन लिहायला चौकट होती. बायाबापड्यांनो, हे एवढं तरी लक्षात ठेवा. सगळ्या फोनात नसतं, पण द्यायच्या आधी शोधा.

"अर्धा तास बसा," म्हणाला. स्टुलावर बसले. तो अर्धा तास दोन तास दहा मिनिटांचा निघाला.

पण त्या दोन तासांत मी जेवढं शिकले तेवढं पोराच्या इंजिनिअरिंगच्या फीमध्येही त्याला मिळालं नसेल. एक आजोबा आले, धोतर, टोपी, हातात सुनेने दिलेला फोन. नात अमेरिकेला, व्हिडिओ कॉलवर आजोबांच्या जागी काळी चौकट. "कॅमेरा जळाला का रे?" पोराने पडदा वरून खाली ओढला, टॉर्च-वायफायची बटणं असतात तिथे, आणि 'कॅमेरा अ‍ॅक्सेस' असं एक बटण दाबलं. झालं. अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, हे बटण आलंय. एका टिचकीत फोनातल्या सगळ्या अ‍ॅप्सचा कॅमेरा बंद होतो. लोक टॉर्च लावायला जातात आणि बोट शेजारी पडतं. आजोबांनी पन्नासची नोट काढली, त्याने घेतली नाही. आजोबा म्हणाले, "मग चहा तरी घे." तेही नाही. आजोबा जरा नाराज होऊनच गेले.

मग कॉलेजातली एक मुलगी. तिचा कॅमेरा उघडत होता, फोटो काढला की अ‍ॅप बंद पडायचं आणि फोटो गायब. त्याने तिचं मेमरी कार्ड बाहेर काढलं आणि फोटो काढायला लावला. निघाला, साठलाही. कार्ड मरायला टेकलेलं आणि कॅमेऱ्याची सेटिंग 'फोटो कार्डावर ठेव' अशी. "कार्ड आजच्या आज कम्प्युटरला लावून जे निघेल ते काढून घे, परत फोनात घालू नकोस," म्हणाला. तिच्याकडून वीस रुपये घेतले, कशाचे ते कळलं नाही. आजोबांना फुकट आणि हिला वीस, ह्याचा हिशेब मी विचारला नाही.

तिसरा पार्सल पोचवणारा पोरगा. त्याचा कॅमेरा उघडायचा पण चित्र सारखं थरथरायचं, आणि कान लावला तर आतून बारीक घर्रर्र आवाज. "बाइकच्या हँडलला लावतोस ना?" नकाशा बघायला लावतो म्हणाला, दिवसभर. चांगल्या कॅमेऱ्यात भिंग बारीक झुल्यावर टांगल्यासारखं असतं, हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून. गाडीच्या इंजिनाचा थरकाप महिनोन्‌महिने लागला की तो झुला खिळखिळा होतो. हे ऐकून मला वाटलं पोरगा फेकतोय, पण घरी आल्यावर आमच्या चिरंजीवांनी शोधून सांगितलं की खुद्द अ‍ॅपलने २०२१ मध्ये आयफोनसाठी हीच सूचना काढलीय, मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलला फोन थेट अडकवू नका म्हणून. लावायचाच तर मधे धक्का खाणारं माउंट घ्या. आमचे हे ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगशेजारी फोन अडकवतात. त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं असं वाटत नाही.

आता माझा नंबर. गरम पाटावर फोन ठेवून त्याने मागची काच सैल केली, पातळ प्लास्टिकची चकती फटीतून फिरवली, आणि माझ्या एकोणीस हजारांचं पोट उघडलं. तुम्हाला सांगते, बघवत नाही. मग तो भाग मायक्रोस्कोपखाली धरला. मायक्रोस्कोपला छोटा टीव्ही जोडलेला, तो माझ्याकडे वळवून दिला.

कॅमेऱ्याचा पट्टा बोर्डाला जिथे जोडतात तो सांधा बाहेर जिऱ्याच्या दाण्याएवढा. टीव्हीवर तो द्राक्षाच्या मांडवासारखा दिसत होता, दोन्ही बाजूंना ओळीने बारीक सोनेरी खांब. आणि एका कडेच्या चार-पाच खांबांवर हिरवट निळी साय.

"मावशी, ह्यात मोरचूद ओतलं का तुम्ही?"

त्याचे मामा निफाडकडचे, तिकडेही द्राक्षंच, म्हणून त्याला मोरचूद, म्हणजे फवारणीतलं तांब्याचं निळं औषध, माहीत. मला एक क्षण खरंच वाटलं की मोरचूद-चुन्याचं बोर्डोच गेलं आत, पावसाळ्यात ते मारतोच आम्ही. तो म्हणाला, नाही, औषध नाही हे. सोन्याचा मुलामा पातळ असतो, खाली तांबं. ओल लागली, त्यात वीज फिरली की तांबंच हिरवं पडतं. देवाच्या तांब्याला पडतं तसंच. फोन ट्रॅक्टरवरून पडल्यामुळे सांधा जरा सैल झालेला, त्यात ही साय. फोन थंड असताना टेकायचं, तापला की सुटायचं. एकदा सुटलं की रीस्टार्टशिवाय फोन त्याला पुन्हा विचारतच नाही. माझे ते आठ-दहा मिनिटांचे फोटो असे निघाले होते.

बाटलीतलं आयपीए, म्हणजे लगेच उडून जाणारं अल्कोहोल, आणि केस कापून आखूड केलेला टूथब्रश. एवढीच आयुधं. हलक्या हाताने एका दिशेने ब्रश फिरवत होता, मागे-पुढे घासत नव्हता. टीव्हीवर साय विरघळताना दिसत होती. बोर्डाच्या बाजूचंही तसंच साफ केलं, गरम हवेने वाळवलं, पट्टा जागेवर ठेवला आणि अंगठ्याने दाबला. टिक. एवढासा आवाज, पण मी ऐकला.

काच लावायच्या आधी फोन चालू केला आणि कॅमेरा उघडला. जिन्याची खालची बाजू दिसली, जाळ्यासकट. मी टाळी वाजवली नाही, पण वाजवावीशी वाटली. त्याने लगेच काच चिकटवली नाही. व्हिडिओ चालू करून फोन तसाच वीस मिनिटं ठेवला, तापू दे म्हणाला, तापल्यावर बंद पडतो का बघू. नाही पडला.

मग मला म्हणाला, "काढा फोटो, कशाचा काढायचा तो." मी पिशवीतलं पान काढलं, काउंटरवर उलटं ठेवलं आणि काढला. शिरा न्‌ शिरा, पांढरी लव, कडेचा एक मेलेला तुडतुडा, सगळं स्पष्ट. मेंटेनन्स मोडमधून बाहेर आले तर तो फोटो गेला, त्या मोडमध्ये काढलेलं काही राहत नाही. मग दुसरा काढला आणि तिथूनच सरांना पाठवला. दिंडोरी नाक्याला एसटी पोचायच्या आत उत्तर: "डाऊनीच आहे ताई. पण पानावरच आहे, घड स्वच्छ दिसतोय का तेवढा फोटो उद्या पहाटे टाका." पुढचं काय मारलं ते इथे लिहीत नाही, एकाच्या प्लॉटचं औषध दुसऱ्याने मारू नये.

आता पाचवा तारा. एक तर 'अर्धा तास'. स्पष्ट दोन तास म्हणाला असता तर मी तेवढ्यात भद्रकालीतून भाजी आणि भांडं दोन्ही घेऊन आले असते. दुसरं, बिल देत नाही. मी हटून बसले तेव्हा कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर तारीख, काम आणि रक्कम लिहून दिली, गॅरंटी सात दिवस, तीही तोंडी. मी ती सात दिवसांची ओळही लिहून घेतली. तुम्हीही घ्या. तिसरं, गाडी लावायला जागा नाही आणि पंखा फक्त त्याच्या अंगावर येतो. आणि काच परत चिकटवल्यावर कंपनीने दिलेलं पाण्यापासूनचं संरक्षण पहिल्यासारखं राहत नाही. हे मात्र त्याने न विचारता सांगितलं, म्हणून त्याचे गुण कापत नाही. हेही सांगितलं की साय एकदा लागली म्हणजे परत लागू शकते, पुढच्या वेळेला कॅमेरा बदलायची तयारी ठेवा.

वॉरंटीतला फोन असेल आणि तुमचा ठिपका पांढरा असेल, तर इथे येऊ नका, आधी कंपनीकडे जा. कुणीही बाहेर उघडला की कंपनी हात वर करणारच. आणि तिथे न्याय्य उत्तर मिळालं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. माझं तर तसंही वॉरंटीचं दार लागलेलं होतं.

आज तेवीस दिवस झाले. मधे एकदा पहाटे धुक्यात कॅमेरा उघडला आणि क्षणभर काळा दिसला, माझ्या पोटात गोळा. भिंगावर दव बसलं होतं, पदराने पुसलं, चालू. फवारणीच्या वेळी फोन आता अंगावर ठेवत नाही. ह्यांचा जुना स्टीलचा डबा बांधावर ठेवलाय, त्यात कोरडं फडकं आणि फोन. डब्यात रेंज येत नाही, त्यामुळे फवारणी चालू असताना मला कुणाचाच फोन लागत नाही अशी ह्यांची तक्रार आहे. तो डबा मी बदलणार नाही.